पाणवठ्याच्या मचाणावर : बंदूक, वही आणि कॅमेरा

१/
नागपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या टेकड्यांत पेंचचे अरण्य पसरलेले आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. साग पर्णहीन उभा असतो, नाले कोरडे पडतात आणि कोसन्‌कोस पसरलेल्या खडकाळ रानात एखाद्याच डोहात पाणी उरते. हरिण असो वा वाघ, त्या डोहावर येणे सर्वांना भागच असते. हे ओळखून माणूस पिढ्यान्‌पिढ्या तेथे लपून बसत आला. मचाण तेच राहिले. मात्र त्यावर बसणाऱ्याच्या हातातील वस्तू बदलत गेली. प्रस्तुत थ्रेड त्या बदलाचा इतिहास सांगतो.

२/
आधी पाण्याविषयी. विदर्भात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने अरण्य त्या साठ्यावर जगते. या भागाच्या बोलीत पाण्याच्या प्रत्येक रूपाला स्वतंत्र शब्द आहे. नदीच्या खोल पात्रात टिकते तो डोह, जमिनीतून पाझरतो तो झिरा, शेताच्या वरच्या अंगाला लहानसा बांध घालून अडवतात ती बोडी आणि मालगुजारांच्या काळात बांधला गेला तो मामा तलाव. ‘नागझिरा’ या अभयारण्याच्या नावातच झिरा आहे.

३/
१८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांताची स्थापना केली आणि नागपूर त्याची राजधानी झाले. त्यानंतर येथील अरण्यांविषयी इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागले. जेम्स फोरसाइथचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ मध्ये आले, तर रॉबर्ट स्टर्नडेलचे ‘सिवनी’ १८७७ मध्ये. दोघेही शिकारी होते. त्यांच्या काळात वाघाच्या शिकारीचा खरा हंगाम म्हणजे उन्हाळा. कारण उघड होते : पाणी आटले की सावज पाण्याजवळ एकवटते आणि सावजामागे वाघही येतो. पाणवठा कळला की निम्मी शिकार झालीच.

४/
याच सिवनीच्या टेकड्या आणि वैनगंगा रुडयार्ड किपलिंगच्या जंगलकथांची पार्श्वभूमी ठरल्या. १८९५ च्या दुसऱ्या जंगलबुकात त्याने एक नियम कल्पिला आहे : घोर अवर्षणात नदीकाठी कोणी कोणाची शिकार करायची नाही. कल्पना मनोहर आहे. वास्तव तसे नाही. पाण्यावर आलेला सांबर प्रत्येक घोटानंतर मान वर करतो, कारण तेथेच दबा धरलेला असू शकतो हे त्याला ठाऊक असते. पाणवठा ही अरण्यातील सर्वांत आवश्यक आणि सर्वांत धोक्याची जागा आहे.

५/
अशा ठिकाणी छायाचित्र घेणे एकोणिसाव्या शतकात जवळपास अशक्य होते. प्राणी पाण्यावर येतात ते बहुधा संधिकाली किंवा रात्री, आणि त्या काळच्या काचेच्या प्लेटांना भरपूर उजेड लागे. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी इतर रसायनांत मिसळून क्षणार्धात लख्ख उजेड पाडणारी फ्लॅशपूड तयार झाली आणि अंधारातील दार किलकिले झाले. धूर, मोठा आवाज आणि स्फोटाचा धोका हे सारे त्या उजेडाबरोबरच येत असे.

६/
अमेरिकेत जॉर्ज शिरास या वकिलाने हे तंत्र प्रथम यशस्वी करून दाखवले. होडीच्या टोकाला दिवा लावून तो रात्री तळ्यावर नि:शब्द फिरे. काठावरच्या हरणाचे डोळे चमकले की फ्लॅश उडवी. दिवा लावून होडीतून हरणे मारण्याची ही शिकाऱ्यांचीच जुनी युक्ती होती. शिरासने त्यातून बंदूक तेवढी काढून टाकली. वाटेत तार ताणून प्राण्याच्याच धक्क्याने छायाचित्र घेण्याचे प्रयोगही त्याने केले. जुलै १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्याची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली.

७/
त्याच सुमारास जर्मन प्रवासी कार्ल शिलिंग्ज पूर्व आफ्रिकेत रात्री पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची छायाचित्रे घेत होता. त्याच्या ग्रंथाच्या नावाचा अर्थ ‘फ्लॅशचा उजेड आणि बंदूक’ असा होतो. त्या काळाची अवस्था या नावात नेमकी उतरली आहे. एका हातात कॅमेरा आला होता, दुसऱ्या हातातील बंदूक सुटली नव्हती.

८/
ती बंदूक भारतात बाजूला ठेवली एका वनाधिकाऱ्याने. फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन हा संयुक्त प्रांतात, शिवालिकच्या अरण्यात नेमणुकीस होता. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर बारीक तार ताणायची, ती कॅमेऱ्याला आणि फ्लॅशला जोडायची आणि निघून जायचे. वाघाचा पाय तारेला लागला की त्याचे छायाचित्र तोच घेई. ऑक्टोबर १९२५ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने ही छायाचित्रे ठळकपणे प्रसिद्ध केली आणि १९२७ मध्ये चॅम्पियनचे पुस्तक आले. मुक्त अरण्यातील वाघ जगाने असा प्रथमच पाहिला.

९/
चॅम्पियनची त्याहून मोठी देणगी वेगळीच आहे. छायाचित्रे शेजारी शेजारी मांडल्यावर त्याच्या लक्षात आले की प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात आणि त्यांवरून विशिष्ट वाघ ओळखता येतो. या निरीक्षणाचे मोल कळायला पुढे जवळजवळ सत्तर वर्षे जावी लागली. आणखी एक योगायोग असा की, भारतातील वनांचे प्रकार ठरवणारे सुप्रसिद्ध वर्गीकरण त्याच्याच भावाने, हॅरी चॅम्पियनने, केले. नागपूर परिसरातील रानाला आज ‘उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी वन’ म्हणतात ते त्याच परंपरेतून.

१०/
चॅम्पियनची छायाचित्रे पाहून आणखी एकाने कॅमेरा हाती घेतला : जिम कॉर्बेट. त्याला वाघाचे चलच्चित्र घ्यायचे होते, पण कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ सावध होई. कॉर्बेटने ओढ्यात लहान लहान बांध घातले आणि पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात यंत्राचा आवाज बुडवला. शिकाऱ्यासाठी पाणी हे सावजाला खेचणारे आमिष होते. येथे तेच पाणी छायाचित्रकाराचे आवरण झाले.

११/
मध्य प्रांतात मात्र परवान्याची बंदूक अजून सुरूच होती. चंद्रपूरच्या ताडोबात १९३५ मध्ये शिकारीस बंदी आली आणि १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. अन्यत्र वाघांची शिकार १९७० च्या सुमारास थांबवण्यात आली. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम पाणवठ्याच्या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे. त्याच्या मूळ कलम १७ मध्ये, परवाना असलेल्या शिकाऱ्यालाही पाणवठ्यावर, खारचाटणीवर किंवा तेथे जाणाऱ्या वाटेवर प्राणी मारण्यास मनाई होती. अपवाद होता तो भाट तितर आणि पाणपक्ष्यांचा. तहान ही सापळ्याची जागा असू नये, हे येथे कायद्याने मान्य केले.

१२/
बंदूक गेली आणि मचाणावर वही आली. वैशाखातील बुद्धपौर्णिमा ही महाराष्ट्रातील पाणवठ्यावरच्या गणनेची ठरलेली रात्र. तिची निवड पूर्णपणे व्यावहारिक आहे. वैशाखात पाणी सर्वांत कमी असते, त्यामुळे थोड्या जागांवर लक्ष ठेवले तरी पुरते. शिवाय पौर्णिमेच्या चांदण्यात विजेरी न लावता प्राणी दिसतो. वनकर्मचारी आणि स्वयंसेवक मचाणावर बसत आणि प्राणी, संख्या, नर-मादी, पिल्ले व वेळ यांची नोंद करत. विदर्भातील निसर्गप्रेमींच्या कित्येक पिढ्यांनी अरण्याची पहिली रात्र अशी काढली आहे.

१३/
या वहीत एक मूलभूत अडचण होती. संध्याकाळी आलेले अस्वल आणि पहाटे आलेले अस्वल एकच की दोन? या डोहावर दिसलेला बिबट्या दोन तासांनी शेजारच्या डोहावर मोजला गेला तर? जे प्राणी त्या रात्री आलेच नाहीत, त्यांचे काय? अवकाळी पाऊस पडून जागोजागी डबकी साचली, तर सारी गणनाच कोलमडे. मचाणावरचा मनुष्य प्रामाणिक असला तरी त्याच्या नोंदीतून ‘इतके प्राणी दिसले’ एवढेच सिद्ध होई. ‘इतके प्राणी आहेत’ हे नव्हे.

१४/
वाघांसाठी दुसरी पद्धत होती ती पाऊलखुणांची. ओल्या मातीतील ठसा काचेवर रेखून घ्यायचा आणि त्यावरून वाघ ओळखायचा. याच मार्गाने १९७२ मध्ये देशात १,८२७ वाघ मोजले गेले. पुढल्या वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत विदर्भातील मेळघाटचा समावेश झाला. परंतु एकाच पंजाचा ठसा चिखलात वेगळा, धुळीत वेगळा उमटतो. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. कागदावर मात्र तेथे वाघ नांदत होते. मोजणीतील चूक किती महाग पडू शकते, हे त्या वर्षी साऱ्या देशाला कळले.

१५/
उत्तर चॅम्पियनच्या जुन्या निरीक्षणातच होते. डॉ. उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेरे बसवून पट्ट्यांवरून वाघ ओळखण्याची शास्त्रीय पद्धत उभी केली. ताणलेल्या तारेच्या जागी आता अदृश्य किरणांचा संवेदक आला. २००४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील ११ क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ताडोबा, मेळघाट आणि महाराष्ट्रातील पेंच ही विदर्भाची तिन्ही अरण्ये होती. वाघांची घनता त्यांच्या भक्ष्याच्या विपुलतेवर अवलंबून असते, हे त्या अभ्यासाने आकड्यांनिशी दाखवले.

१६/
या पद्धतीमागचे गणित सोपे आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या फेरीत १२ निरनिराळ्या वाघांची छायाचित्रे मिळाली. दुसऱ्या फेरीत १५ वाघ मिळाले आणि त्यांपैकी ६ पहिल्या फेरीतलेच होते. म्हणजे दुसऱ्या फेरीतील ४० टक्के वाघ ओळखीचे निघाले. मग पहिले १२ हे एकूण वाघांच्या साधारण ४० टक्के असावेत आणि एकूण वाघ सुमारे ३० असावेत. प्रत्यक्षातील सूत्रे अधिक गुंतागुंतीची असतात, पण न दिसलेल्या वाघांचा अंदाज बांधण्याचा मार्ग हाच. वहीला जे साधले नव्हते ते येथे साधले.

१७/
वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील पट्टे सारखे नसतात. त्यामुळे सर्वेक्षणात वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावून दोन्ही कुशी एकाच वेळी टिपतात. हे कॅमेरे मुख्यतः वाघांच्या येण्या-जाण्याच्या वाटांवर, नाल्यांच्या पात्रांत आणि पायवाटांवर असतात. पाणवठ्यावरील कॅमेरा मात्र वर्षभराच्या देखरेखीसाठी मोलाचा ठरतो. कोणती वाघीण पिल्लांसह आली, कोणता प्राणी लंगडत होता आणि रात्री कोणता माणूस तेथे फिरकला, हेही तो सांगतो. उन्हाळ्यात पाण्यात विष कालवण्याचे आणि पाण्याच्या वाटेवर सापळे लावण्याचे प्रकार घडत आल्याने ही शेवटची नोंद विशेष महत्त्वाची.

१८/
२००६ पासून देशातील वाघांचे अनुमान कॅमेऱ्यांच्या आधारे काढले जाऊ लागले. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची होती अवघी ७६,६५१. जगातील सर्वांत मोठे कॅमेरा सर्वेक्षण म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. महाराष्ट्रातील वाघांचा अंदाज २००६ मध्ये १०३ होता. २०१८ मध्ये तो ३१२ झाला आणि २०२२ मध्ये ४४४.

१९/
आकड्यांमागे एकेका प्राण्याचे चरित्रही उलगडू लागले. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ हा वाघ २०१३ मध्ये शंभराहून अधिक किलोमीटर अंतर तोडून, शेते आणि रस्ते ओलांडत नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आला. हा नवखा वाघ कोण, हे पट्ट्यांवरून कळू शकले. एप्रिल २०१६ नंतर तो कधीच दिसला नाही. पूर्वी असा वाघ नाहीसा झाला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. आता एका विशिष्ट वाघाची अनुपस्थिती हाच प्रश्न झाला आणि त्यासाठी राने धुंडाळली गेली.

२०/
पट्टे मृत्यूनंतरही बदलत नाहीत. २००९ मध्ये संशोधकांनी अशी संगणकीय पद्धत मांडली की, जप्त केलेले कातडे जिवंतपणी घेतलेल्या छायाचित्राशी ताडून पाहता येते. त्यामुळे एखाद्या दूरच्या शहरात सापडलेले कातडे कोणत्या अरण्यातील वाघाचे, हे सांगणे शक्य झाले. शंभर वर्षांपूर्वी वाघाचे छायाचित्र म्हणजे बंगल्यात मिरवण्याची वस्तू होती. आता ते तपासातील पुरावा होऊ शकते.

२१/
या प्रवासाला एक उलटी बाजूही आहे. पर्यटनाच्या रस्त्यांलगत सौरपंपावर चालणाऱ्या कूपनलिका आणि सिमेंटच्या बशा आल्या. त्यांनी उन्हाळ्यात असंख्य प्राण्यांची तहान भागवली, पण वाघाचे हमखास दर्शन देणाऱ्या जागाही त्याच झाल्या. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची दृश्ये सर्वत्र पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या वाहनांत बंदूक नव्हती. तरी वाघीण कोंडली गेली होतीच.

२२/
कायद्यानेही हा धोका ओळखला आहे. १९७२ च्या अधिनियमात अभयारण्यात प्रवेश देण्याच्या कारणांत ‘छायाचित्रण’ हे एक कारण होते. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला अट जोडली : अधिवासात कोणताही बदल न करता आणि अधिवासावर वा वन्यजीवांवर विपरीत परिणाम होऊ न देता केलेले छायाचित्रण. पन्नास वर्षांपूर्वीचे कलम १७ बंदुकीला पाणवठ्यापासून दूर ठेवत होते. आज मर्यादेचा तोच विचार कॅमेऱ्याला लागू झाला आहे.

२३/
खरोखर दुर्गम पाणवठ्यांची छायाचित्रे आजही पर्यटकांच्या वाहनांतून येत नाहीत. ती आणतात वनरक्षक, वनमजूर आणि अरण्यालगतच्या गावांतील माणसे. खडकाळ उतार चढून ते झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा बांधतात, स्वतः त्याच्यापुढून रांगत जाऊन खटका दाबला जातो की नाही हे पाहतात आणि काही दिवसांनी मेमरी कार्ड बदलायला पुन्हा तीच वाट तुडवतात. हजारो चौकटींत वाऱ्याने हललेले गवत, गुरे आणि त्यांचे स्वतःचेच पाय असतात. या छायाचित्रांखाली छायाचित्रकाराचे नाव छापलेले नसते.

२४/
बुद्धपौर्णिमेचे मचाण मात्र अजूनही टिकून आहे. वनविभाग आता तो उपक्रम ‘निसर्गानुभव’ या नावाने घेतो आणि त्या रात्रीच्या नोंदी वाघांच्या अधिकृत अनुमानात धरल्या जात नाहीत. तरीही दर वैशाखात नागपूर-विदर्भातील तरुण त्या रात्रीसाठी नोंदणी करतात. बोलायचे नाही, उजेड करायचा नाही, खाली उतरायचे नाही. दिसेल ते वेळेसह लिहून ठेवायचे. चांदण्यात सांबर पाण्याशी येते, घोटाघोटाला मान वर करते, पाणी पिऊन निघून जाते. माणूस तेथे होता हे त्याला कळले नाही, तर ती रात्र साधली.